छातीचा मुका मार

छातीचा मुका मार म्हणजे त्वचा न फाटता छातीच्या पिंजऱ्याला आणि त्यातील अवयवांना झालेली इजा होय. बोथट वस्तूचा आघात, दोन कठीण पृष्ठभागांमध्ये चिरडले जाणे, उंचावरून पडणे किंवा वेगात असलेले शरीर एकाएकी थांबणे ही तिची नेहमीची कारणे आहेत. वैद्यकीय लेखनात तिला छातीची बोथट इजा म्हणतात. चाकू, सळई किंवा बंदुकीची गोळी यांनी छाती भेदली गेल्यास होणारी भेदक इजा तिच्याहून वेगळी समजली जाते.

बोलीतील 'मुका' हा शब्द या इजेला नेमका लागू पडतो. बाहेर रक्त नसते, अनेकदा साधे खरचटलेलेही नसते, आणि पहिल्या तासात चालत-बोलत असलेला माणूस दुसऱ्या दिवशी धापा टाकू लागतो. या इजेच्या दहापैकी एकाहूनही कमी रुग्णांना छाती उघडण्याची शस्त्रक्रिया लागते. उरलेल्यांचे बरे होणे प्राणवायू, वेदनाशमन, गरज पडल्यास छातीत घातलेली एक नळी आणि वॉर्डात दिवसरात्र चालणारी देखरेख यांवर अवलंबून असते. म्हणूनच या विषयात उपचार आणि शुश्रूषा यांची प्रकरणे वेगवेगळी करता येत नाहीत.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील कारणे

कांजूरमार्ग हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील विक्रोळी आणि भांडुप यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. रुळांच्या पश्चिमेस लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्वेस शीवहून ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आहे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता या दोन्ही रस्त्यांना येऊन मिळतो. एवढ्या अरुंद पट्ट्यात लोहमार्ग, अवजड वाहनांचे रस्ते आणि सतत चालणारी बांधकामे एकत्र आल्यामुळे छातीच्या मुक्या माराची जवळजवळ सर्व कारणे येथे आढळतात.

लोकलच्या दारात लटकणारा प्रवासी खाली पडतो किंवा रुळांलगतच्या खांबावर आदळतो. रूळ ओलांडणाऱ्याला गाडीची धडक बसते. दुचाकीस्वाराच्या छातीत हँडल घुसते, तर ट्रक किंवा टेम्पोचा चालक सुकाणूचाकावर आदळतो. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या कामांवर परांचीवरून पडणे हे आणखी एक नेहमीचे कारण. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान एकमेकींच्या बाजूने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडून झालेला अपघात याच मार्गावरचा होता.

गर्दीत चेंगरणे आणि ढिगाऱ्याखाली सापडणे हा वेगळा प्रकार आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ जण मरण पावले. अशा घटनांत छातीवर बाहेरून इतका दाब येतो की पिंजरा फुगूच शकत नाही. नाक-तोंड मोकळे असूनही श्वास घेता येत नाही. दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त उलट मान आणि डोके यांच्या शिरांत ढकलले जाते. चेहरा जांभळा पडतो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते आणि कपाळावर व मानेवर बारीक लाल ठिपके उमटतात. पॅरिसमधील एका चेंगराचेंगरीत मृत्यू पावलेल्यांच्या शरीरांवरील या खुणांचे वर्णन ऑलिव्हिए या फ्रेंच वैद्याने १८३७ साली केले होते. दाब लवकर दूर झाल्यास असा रुग्ण वाचू शकतो. त्याचे रूप भीतिदायक दिसते, परंतु चेहऱ्याचा रंग आणि डोळ्यांतील लाली काही आठवड्यांत आपोआप निवळते.

छातीच्या आत काय घडते

बरगड्यांच्या बारा जोड्या, पुढे उराचे हाड आणि मागे पाठीचा कणा असा छातीचा पिंजरा बनतो. चौथ्या ते नवव्या बरगड्या सर्वाधिक मोडतात. पहिल्या दोन बरगड्या खांदा व गळपट्टीच्या हाडाच्या आडोशाला असतात. त्या मोडल्या असतील तर आघात फार मोठा होता असे धरून आतील मोठ्या रक्तवाहिन्यांची तपासणी करतात. सर्वांत खालच्या बरगड्या मोडल्यास उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा यांना इजा झालेली असू शकते. छातीच्या रुग्णाचे पोट तपासल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, ती यामुळे.

मोडलेला हात प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो. बरगडी ठेवता येत नाही, कारण माणूस दिवसाला सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो आणि दर श्वासागणिक मोडलेली टोके हलतात. ही कळ टाळण्यासाठी रुग्ण नकळत उथळ श्वास घेऊ लागतो आणि खोकला दाबून धरतो. खोकला न काढल्याने कफ साठतो, साठलेल्या कफाने श्वासनलिकेच्या बारीक शाखा बुजतात, त्यांपुढचा फुप्फुसाचा भाग मिटतो आणि तेथे जंतूंना वाव मिळून तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. बरगडी मोडलेल्या माणसाचा जीव प्रत्यक्ष मोडलेल्या हाडाने क्वचित जातो. तो या साखळीने जातो. या लेखात पुढे येणारे जवळजवळ सर्व उपाय ही साखळी कोठे ना कोठे तोडण्यासाठी आहेत.

लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्यास पिंजऱ्याचा तेवढा तुकडा सुटा होतो. श्वास घेताना छाती फुगते तेव्हा हा तुकडा आत ओढला जातो आणि श्वास सोडताना बाहेर येतो. ही उलटी हालचाल प्रकाश तिरका पडेल असे बसून छातीकडे निरखून पाहिल्यावर दिसते. तिला फ्लेल चेस्ट म्हणतात. तिच्यासोबत बहुधा फुप्फुसालाही मार लागलेला असतो. मार लागलेल्या भागात रक्त व द्रव झिरपतो आणि तो भाग प्राणवायू शोषण्यास निकामी होतो. हा बदल २४ ते ४८ तासांपर्यंत वाढत जातो, आणि पहिल्या काही तासांत काढलेला एक्स-रे जवळजवळ निर्दोष दिसू शकतो.

मोडलेल्या बरगडीचे टोक फुप्फुसाला टोचले तर हवा बाहेर पडून फुप्फुस व छातीची भिंत यांमधील पोकळीत साठते, हा न्यूमोथोरॅक्स. तेथे रक्त साठले तर तो हिमोथोरॅक्स. हवा त्वचेखालीही शिरू शकते. मग छाती, मान, कधी पापण्याही सुजतात आणि बोटांनी दाबल्यास चुरचुर जाणवते. नातेवाईक या सुजेने घाबरतात. ती स्वतः फारशी घातक नसते, मात्र आत हवेची गळती असल्याची ती खूण असते.

एकदा शिरलेली हवा परत बाहेर पडू शकली नाही तर पोकळीतील दाब श्वासागणिक वाढतो, फुप्फुस पूर्ण मिटते, हृदय व मोठ्या शिरा विरुद्ध बाजूला ढकलल्या जातात आणि रक्तदाब कोसळतो. हा ताणयुक्त न्यूमोथोरॅक्स काही मिनिटांत प्राणघातक ठरतो. त्याचे निदान एक्स-रेवर सोडायचे नसते. प्रचंड धाप, एका बाजूने श्वासाचा आवाज न येणे, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि घसरता रक्तदाब एवढ्यावर उपचार सुरू करतात.

हृदयाच्या स्नायूला मार लागल्यास ठोके अनियमित होतात. म्हणून उराच्या हाडाला जोराचा मार असलेल्या प्रत्येक रुग्णाचा ईसीजी काढतात. महारोहिणी फाटलेले बहुतेक जखमी घटनास्थळीच दगावतात. जे रुग्णालयापर्यंत पोहोचतात त्यांच्यात फाट वाहिनीच्या बाहेरील आवरणाने तात्पुरती थोपवलेली असते, आणि रक्तदाब काळजीपूर्वक कमी ठेवून वाहिनीच्या आतून आवरणयुक्त स्टेंट बसवता येतो. श्वासपटल फाटून पोटातील जठर किंवा आतडे छातीत सरकणे ही इजा कमी आढळते, पण ती महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

घटनास्थळी

सर्वप्रथम १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रेल्वेच्या हद्दीत १३९ हा मदत क्रमांकही आहे. जखमी शुद्धीवर असेल आणि मानेला वा कण्याला इजा झाल्याची शंका नसेल तर त्याला ज्या स्थितीत श्वास सोपा वाटतो त्या स्थितीत, बहुधा अर्धवट बसते, राहू द्यावे. उंचावरून किंवा गाडीतून पडलेल्याच्या बाबतीत कण्याची शंका धरूनच चालावे आणि त्याला हातापायांना धरून उचलू नये. तोंडातील रक्त, माती किंवा निखळलेले दात बाजूला करावेत. खाण्यापिण्यास काही देऊ नये.

छातीभोवती ओढणी, पंचा किंवा पट्टा करकचून आवळू नये. बरे वाटावे म्हणून केलेला हा उपाय श्वास आणखी उथळ करतो. मुक्या मारावर आंबेहळद व रक्तबोळाचा लेप लावण्याची घरोघरी चाल आहे. हलक्या हाताने लावलेला लेप त्वचेपुरता राहतो आणि त्याने सहसा अपाय होत नाही; अपाय होतो तो जोरजोरात चोळण्याने आणि 'लेप लावला आहे, उद्या पाहू' म्हणून गेलेल्या रात्रीने. धाप, खोकल्यातून रक्त, बोलताना वाक्य पुरे न होणे, घाम व ओठांवर निळसर छटा यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. साठीच्या पुढच्या माणसाला यांपैकी काही नसले तरीही त्याच दिवशी तपासून घ्यावे.

अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक बाजूला होतात. याबाबत कायदा स्पष्ट आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असल्याचे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतरचे असल्याचे सांगितले. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्र शासनाची योजना मे २०२५ पासून लागू आहे. लोहमार्गावर पडलेल्याला तिचा लाभ मिळत नाही, आणि या परिसराचा विचार करता ही उणीव लहान नाही.

कांजूरमार्गच्या आसपास महापालिकेची मोठी सर्वसाधारण रुग्णालये म्हणजे घाटकोपरचे राजावाडी आणि मुलुंडचे एम. टी. अगरवाल. गंभीर व अनेक अवयवांच्या इजा असलेले रुग्ण शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात न्यावे लागतात.

रुग्णालयातील पहिला तास

जगभर वापरली जाणारी तपासणीची पद्धत श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि सर्व अंगाची पाहणी या क्रमाने जाते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९७६ साली जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे विमान कोसळले, त्याची पत्नी दगावली आणि मुले जखमी झाली. ग्रामीण रुग्णालयात त्यांना मिळालेले अव्यवस्थित उपचार पाहून त्याने सहकाऱ्यांसह जो प्रशिक्षणक्रम रचला, त्याचा पहिला वर्ग १९७८ मध्ये झाला. आजची क्रमवार पद्धत त्यातून आली.

रुग्णाचे कपडे कापून छाती पूर्ण उघडी करून पाहतात, कारण सीटबेल्टचा किंवा टायरचा वळ हीच कधीकधी बाहेरची एकमेव खूण असते. प्राणवायू सुरू करतात आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सामान्यतः ९४ टक्क्यांच्या वर ठेवतात. दोन मोठ्या सुया शिरांत लावून रक्तगट तपासणीस पाठवतात. फुप्फुसाला मार असल्यास गरजेपेक्षा जास्त सलाईन टाळतात, कारण जादा द्रव तेथेच झिरपतो.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेत २०० ते ३०० मिलिलिटर रक्त साठल्यावर ते दिसू लागते. आडव्या रुग्णात त्याहून बरेच अधिक रक्त नुसत्या धूसरपणात लपून राहते. म्हणून खाटेजवळच केलेली सोनोग्राफी आता अधिक उपयोगी समजली जाते. तिच्यात हवा व रक्त दोन्ही मिनिटभरात कळते. मोडलेल्या बरगड्या साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाहीत. एक्स-रे चांगला आहे म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. मोठ्या आघातात सीटी स्कॅन करतात.

ताणयुक्त न्यूमोथोरॅक्समध्ये जाड सुई खुपसून हवा बाहेर काढतात. पूर्वी ही सुई गळपट्टीच्या हाडाखाली दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मध्ये घालत. पुष्कळांच्या छातीची भिंत तेथे सुईच्या लांबीपेक्षा जाड असते असे आढळल्याने २०१८ पासून प्रौढांसाठी काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, चौथ्या किंवा पाचव्या फटीत ती घालण्याची शिफारस आहे. त्यानंतर लगेच छातीत नळी घालावी लागते.

नळी आणि बाटली

या नळीला मुंबईतील रुग्णालयांत सर्रास 'आयसीडी' म्हणतात. काखेच्या पुढच्या भागात, पाचव्या फटीच्या आसपास, बरगडीच्या वरच्या कडेला लागून ती घालतात. खालच्या कडेला नस व रक्तवाहिन्या असतात. नळीचे दुसरे टोक बाटलीतील निर्जंतुक पाण्यात सुमारे दोन सेंटिमीटर बुडवलेले असते. छातीतील हवा पाण्यातून बुडबुडे काढत निघून जाते आणि बाहेरची हवा आत शिरू शकत नाही. हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाऊने १८७५ मध्ये वापरलेले हे तत्त्व आजही तसेच आहे.

नळी घालताच दीड लिटर रक्त आले किंवा पुढील दोन ते चार तास ताशी २०० मिलिलिटर येत राहिले तर छाती उघडण्याचा विचार करतात. हा निर्णय बाटलीवरच्या नोंदींवर होतो. त्यासाठी बाटलीला चिकटपट्टीची उभी पट्टी लावून सुरुवातीच्या पाण्याची पातळी आणि पुढे ठरावीक वेळी पातळी व वेळ लिहितात. सुरुवातीचे पाणी किती होते ते लिहिले नसेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

बाटली पाहण्याचे शास्त्र साधे आहे, पण ते पाळावे लागते. आपणहून श्वास घेणाऱ्या रुग्णात नळीतील पाणी श्वास घेताना वर चढते व सोडताना खाली येते. हे झुलणे थांबले तर एक तर फुप्फुस पूर्ण फुगून छातीला टेकले आहे किंवा नळी पिळली वा बुजली आहे. रुग्णाला धाप असेल तर दुसरी शक्यता धरावी. खोकल्यासोबत बुडबुडे येणे अपेक्षित असते. ते सतत येत असतील तर आधी नळीचे जोड तपासतात; जोड घट्ट असतील तर फुप्फुसातून किंवा मोठ्या श्वासनलिकेतून गळती आहे. एकाच बाटलीची पद्धत असेल तर रक्त साठत जाऊन नळीचे टोक अधिकाधिक खोल बुडते आणि हवेला बाहेर पडणे जड होते. अशी भरत आलेली बाटली बदलावीच लागते.

सर्वांत जास्त चुका रुग्णाला हलवताना होतात. एक्स-रेसाठी नेताना बाटली रुग्णाच्या पोटावर किंवा पायांमध्ये ठेवली की आतील पाणी व रक्त उलट छातीत ओढले जाऊ शकते. बाटली नेहमी छातीच्या खाली आणि उभी राहिली पाहिजे. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावून नेणे त्याहून धोक्याचे, कारण त्याने ताणयुक्त न्यूमोथोरॅक्स घडू शकतो. बाटली फुटली किंवा नळी निखळली तर नळीचे टोक हाताशी असलेल्या निर्जंतुक पाण्यात किंवा सलाईनमध्ये बुडवून मदत बोलवावी. ही माहिती परिचारिकेइतकीच ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना आणि खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकालाही हवी, कारण गर्दीच्या वॉर्डात बाटलीला पाय त्यांचाच लागण्याचा संभव अधिक.

हवा येणे थांबले, स्राव पुरेसा उतरला आणि एक्स-रेत फुप्फुस फुगलेले दिसले की रुग्णाला श्वास रोखून धरायला सांगून नळी झटकन काढतात आणि छिद्र लगेच बंद करतात.

वेदनाशमन

वेदना सोसण्यात शौर्य मानण्याची सवय या इजेत महागात पडते. पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला देतात, दुखेल तेव्हा नव्हे. मूत्रपिंडे चांगली असल्यास व रक्तस्रावाचा धोका नसल्यास दाहशामक गोळ्या जोडतात. तरीही न भागल्यास अफूजन्य औषधे देतात, मात्र त्यांनी झोप, मंद श्वास व बद्धकोष्ठ होतो. अनेक बरगड्या मोडल्या असतील तर नसांजवळ बधिरीकरणाचे औषध सोडणे अधिक चांगले. यात पाठीच्या कण्यातील एपिड्युरल, बरगड्यांमधील नसांचे ब्लॉक आणि २०१६ पासून प्रचारात आलेला, पाठीच्या स्नायूखाली दिला जाणारा इरेक्टर स्पायनी ब्लॉक हे पर्याय आहेत.

वेदना मोजताना प्रश्न कसा विचारला जातो याला महत्त्व आहे. निपचित पडलेल्या रुग्णाला विचारल्यास तो 'ठीक आहे' म्हणतो. त्याला खोल श्वास घेऊन खोकायला सांगावे आणि तेव्हाची वेदना नोंदवावी. शून्य ते दहाची पट्टी ज्यांना उमगत नाही, त्यांना 'रुपयात किती आणे दुखते' असे विचारले की उत्तर पटकन मिळते. बारा आणे दुखणारा माणूस खोकणार नाही, हे गृहीत धरावे.

वॉर्डातील शुश्रूषा

श्वसनाची गती पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे येथे चालत नाही. निरोगी प्रौढाची गती मिनिटाला १२ ते २० असते. ती चढत जाणे ही बिघाडाची बहुधा पहिली खूण, कारण प्राणवायूचे प्रमाण पुष्कळ वेळ टिकून राहते आणि मग एकदम घसरते. प्राणवायू सुरू असलेल्या रुग्णात तर बोटावरच्या यंत्राचा आकडा अधिकच फसवा असतो. नव्याने आलेली बेचैनी, असंबद्ध बोलणे किंवा मास्क ओढून काढणे याला हट्ट न समजता प्राणवायूची कमतरता समजून तपासावे. पहिले ४८ तास आणि त्यातही रात्रीची वेळ जोखमीची.

कण्याला इजा नसल्याचे ठरल्यावर खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर करतात. शक्य तितक्या लवकर, बहुधा दुसऱ्याच दिवशी, रुग्णाला खुर्चीत बसवतात आणि बाटलीसह चालवतात. आयसीडी आहे म्हणून खाटेला खिळून राहण्याचे कारण नसते. उठवताना हाताला धरून ओढू नये. पाठीमागून खांद्यांना आधार द्यावा किंवा रुग्णाला कुशीवर वळवून पाय खाली सोडून बसते करावे.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन रंगीत गोळ्यांचे स्पायरोमीटर सर्वत्र मिळते. त्याचा उपयोग बहुतेक जण चुकीचा करतात. नळीतून फुंकर न मारता हवा हळू व सलग आत ओढायची असते. त्यावर छापलेले ६००, ९०० आणि १२०० हे आकडे दर सेकंदाला मिलिलिटरमधील हवेचा वेग दाखवतात, फुप्फुसात मावलेली हवा नव्हे. त्यामुळे झटका देऊन तिन्ही गोळ्या क्षणभर उडवण्यापेक्षा एक-दोन गोळ्या काही सेकंद वर धरून ठेवणे अधिक लाभाचे. जागेपणी दर तासाला सुमारे दहा वेळा हा व्यायाम करतात. वेदनाशामक दिल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने केल्यास तो नीट होतो. खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी किंवा घडी घातलेली चादर हातांनी घट्ट धरावी. हा आधार खोकल्यापुरता असतो आणि खोकून झाल्यावर काढायचा असतो. दिवसभर बांधलेल्या पट्ट्याशी त्याची गल्लत करू नये. कफाचा रंग व घट्टपणा रोज पाहावा. ताप आणि पिवळा-हिरवा कफ तिसऱ्या दिवशी सुरू झाला तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

आहार थोडा थोडा, अनेक वेळा द्यावा. तुडुंब भरलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते. कुंथण्याने छाती दुखते, म्हणून अफूजन्य औषध सुरू होतानाच इसबगोल किंवा सौम्य रेचक देतात. पायांतील शिरांत रक्त गोठू नये यासाठी घोट्यांची हालचाल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शने चालू ठेवतात. विडी-सिगारेट पूर्ण बंद असली पाहिजे; नातेवाइकांनी कीव येऊन जिन्यात नेऊन दिलेली एक विडीही साठलेला कफ वाढवते.

वृद्धांबाबत निकष वेगळे लावावे लागतात. अमेरिकेतील सिॲटल येथील रुग्णालयातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील रुग्णांत मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे मृत्यूची शक्यता १९ टक्क्यांनी व न्यूमोनियाची २७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. न्हाणीघरात घसरून तीन बरगड्या मोडलेली सत्तरीची आजी धडधाकट दिसली तरी तिला दाखल करून घेणे इष्ट असते. मुलांत उलट घडते. त्यांच्या बरगड्या लवचीक असल्याने त्या मोडत नाहीत आणि सगळा आघात फुप्फुसावर जातो. लहान मुलाच्या बरगड्या मोडल्याच असतील तर मार फार जबर होता असे समजावे, आणि अपघाताचा सांगितलेला वृत्तांत त्याच्याशी जुळतो का हेही पाहावे.

कृत्रिम श्वसन आणि शस्त्रक्रिया

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुट्या झालेल्या बरगड्यांवर चिकटपट्ट्यांचे थर बांधत, वाळूच्या पिशव्या ठेवत किंवा हाडाला आकडे अडकवून वजनाने बाहेर ओढत. १९५६ मध्ये एव्हरी, मर्श आणि बेन्सन यांनी कृत्रिम श्वसनयंत्राने छातीला आतून आधार देण्याची कल्पना मांडली आणि पुढील दोन दशके फ्लेल चेस्टचा बहुतेक प्रत्येक रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्रावर ठेवला जाऊ लागला. १९७५ मध्ये ट्रिंकल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खरी अडचण मार लागलेल्या फुप्फुसाची आहे, आणि वेदनाशमन, द्रवावर नियंत्रण व कफ काढणे यांनी अनेकांना यंत्राविना बरे करता येते. आज यंत्र फ्लेल चेस्ट आहे म्हणून लावत नाहीत. रुग्ण श्वास घेण्यास असमर्थ ठरला तरच लावतात. त्याआधी घट्ट मास्कने दाबयुक्त हवा देऊन पाहता येते.

मोडलेल्या बरगड्या धातूच्या पट्ट्यांनी जोडण्याची शस्त्रक्रिया गेल्या दोन दशकांत रूढ झाली. फ्लेल चेस्ट असलेले आणि वेदनाशमन करूनही यंत्रावरून न सुटणारे निवडक रुग्ण तिला योग्य असतात. पट्ट्यांचा खर्च आणि ही शस्त्रक्रिया करणाऱ्यांची मोजकी संख्या यांमुळे सार्वजनिक रुग्णालयांत ती अजून सर्रास होत नाही.

घरी परतल्यावर

बरगड्या जुळण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, आणि कूस बदलताना किंवा शिंकताना येणारी कळ त्याहून अधिक काळ राहू शकते. या काळात जड ओझे उचलू नये. मात्र चालणे व श्वासाचे व्यायाम सोडू नयेत. उशीला उशी लावून उंच झोपल्यास रात्र सोपी जाते. लोकलने कामावर जाणाऱ्याने निदान सहा आठवडे गर्दीची वेळ टाळणे आवश्यक असते. रोजंदारीवर पोट असलेल्याला ते परवडत नाही, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर विश्रांतीचा कालावधी आणि कोणते काम चालेल हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावे. न्यूमोथोरॅक्स झालेल्याने एक्स-रेत तो पूर्ण नाहीसा झाल्याची खात्री होऊन किमान दोन आठवडे जाईपर्यंत विमानप्रवास करू नये.

धाप पुन्हा वाढणे, ताप येणे, कफात रक्त दिसणे, नळीच्या जखमेतून पू येणे किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखणे यांपैकी काहीही झाल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. बाहेर पडताना सर्व एक्स-रे, स्कॅनच्या प्रती आणि पोलीस नोंदीचा क्रमांक जवळ ठेवावा. भरपाईच्या दाव्यात, आणि महिन्यांनंतर छातीत रक्ताची गाठ वा पू आढळल्यास पुढील उपचारातही, पहिल्या दिवसाच्या याच कागदांची गरज पडते.